वल्हं कुणाच्या हाती

॥ श्री ॥
मिरजोळे, रत्नागिरी
२८ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझ्या दर्शनच्या मोबाईलवरचं बारीक अक्षर तुला वाचवत नाही, म्हणून आपला नेहमीचा पोस्टाचा मार्ग. बातमी अशी की निवृत्तीपासून आठ वर्षं मी जे खरडत होतो त्याचं पुस्तक झालं. तीन प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं होतं. दोघांनी उत्तर दिलं नाही आणि तिसऱ्याने ते इतक्या तातडीने परत केलं की पाकीट उघडलं होतं की नाही याची मला शंका आहे. मग प्रकाशक मीच झालो, विक्रेताही मीच, आणि सखूचं म्हणणं खरं धरायचं तर वाचकही मीच.

छापलं आमच्या इथल्या एमआयडीसीत, रितेशच्या छापखान्यात. तो मुख्यतः आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापतो. पहिल्या प्रुफावर माझ्या नावाखाली ‘अस्सल रत्नागिरी हापूस’ असं आलं होतं. सखू म्हणाली की राहू दे, तेवढाच उठाव होईल. तीनशे प्रती आल्यात आणि त्या सध्या आमच्या पलंगाखाली आहेत.

पुस्तकात आबांची जयगडची तर, उतारूंनी भरलेली ती होडी आहे, खाडी आहे, आपलं लहानपण आहे. नाव ‘वल्हे माझ्या हाती’. मुखपृष्ठ आमच्या सानिकाने केलंय.

प्रकाशन रविवार, १६ फेब्रुवारीला, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात. सानिका मोबाईलवर यशस्वी प्रकाशन कसं करावं ते वाचते आणि रोज सकाळी मला नवा हुकूम सोडते. पाहुणे शोधता शोधता माझी चप्पल झिजली. एका निवृत्त प्राध्यापकांना किमान दीड तास बोलायचं होतं, दुसऱ्या साहेबांना पुण्याहून गाडीने आणायचं आणि गाडीनेच पोचवायचं होतं. शेवटी सानिकानेच ठरवलं की पुस्तक आत्याच्या हस्ते प्रकाशित करायचं, आणि मी काही बोलायच्या आत घरभर सांगूनही टाकलं.

तेव्हा हे रीतसर आमंत्रण. अर्थात अलोरे काही जवळ नाही, चिपळूणच्या पुढे रस्त्याची कामं चालू आहेत, तुझा गुडघा दुखतो, सभागृहाला बावीस पायऱ्या आहेत, भाषणं तुला ऐकू येणार नाहीत आणि खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत. त्यामुळे तू न आलीस तरी मी मनाला लावून घेणार नाही. पुस्तक आत्ता पाठवत नाही, कारण प्रकाशनाआधी ते कुणी पाहायचं नसतं अशी रीत आहे.

लोभ आहेच. पुस्तकापायी तो उणा होऊ नये, एवढंच मागणं.

तुझा,
आत्माराम


॥ श्री ॥
अलोरे
४ जानेवारी २०२५

चि. आत्माराम यास सावित्रीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या नावाचं पुस्तक झालं हे वाचून देवापुढे साखर ठेवली. आबा असते तर त्यांनी ते तरीवर बसणाऱ्या प्रत्येक उतारूला दाखवलं असतं, आणि वाचून दाखवल्याशिवाय पलीकडे उतरू दिलं नसतं.

आमंत्रण मात्र मी दोनदा वाचलं. मला बोलवायला एक ओळ आणि येऊ नको म्हणायला सहा कारणं. माझ्या गुडघ्याची इतकी काळजी तू गेल्या वर्षी मी आजारी होते तेव्हाही केली नव्हतीस. मी येणार. दर्शन गाडी काढतो म्हणालाय. बावीस पायऱ्या मी दोन वेळा बसून चढेन. ऐकू न येणारा पाहुणा तर तुझ्या फायद्याचाच आहे, कुणी कितीही बोललं तरी तो जांभई देत नाही.

सानिकाने पाठवलेलं तुझं मुखपृष्ठ दर्शनने त्याच्या मोबाईलवर मोठं करून दाखवलं. होडीत एक मुलगा उभा आहे आणि त्याच्या हातात वल्हं आहे. त्याने ते उलट्या केरसुणीसारखं धरलंय, पातं वर आणि मूठ पाण्यात. काढणाऱ्या सानिकाचा दोष नाही, ती जन्मायच्या कितीतरी आधी आबांची तर बंद झाली होती. पण तू कसं पास केलंस?

परीक्षेला गेलो त्या दिवसाचं काही लिहिलं असशील ना? ते कितव्या पानावर आहे तेवढं कळव. प्रमुख पाहुणीने पुस्तक वाचून यायचं असतं, अशीही एक रीत असते म्हणे. तेव्हा एक प्रत पाठव.

सखूला आणि सानिकाला आशीर्वाद. माझा लोभ होता तिथेच आहे, आणि गुडघाही.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥
मिरजोळे
१५ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळाल्यापासून वल्ह्याकडे बघवत नाही. सानिकाला म्हटलं, तर म्हणाली की बाबा, तीनशे छापून झाल्यावर सांगताय. तुझी प्रत राखून ठेवलीय, काळजी नको. सध्या दुसऱ्याच एका भानगडीत सापडलोय.

सानिकाने आधी मोबाईलवर आमंत्रण फिरवलं. चाळीस जणांचे अंगठे आले आणि एका मेहुण्याने सवयीने भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. सखूला हे काही पटलं नाही. तिचं म्हणणं, घरात कार्य आहे तर अक्षता घेऊन दारोदार जायला हवं, आणि पहिला मान जयगडच्या ग्रामदेवतेचा. तिचं म्हणणं मोडायची आपली छाती नाही. पण दारात उभं राहिल्यावर रिकामे हात बरे दिसेनात. पहिल्या घरात म्हातारे आजारी होते म्हणून त्यांना एक प्रत दिली. शेजारच्यांनी ते पाहिलं म्हणून त्यांना दिली. मग ज्यांना दिली नाही ते रागावतील म्हणून सगळ्यांनाच देत सुटलो. मिरजोळे ते जयगड, स्कूटरवरून सात दिवस फिरलो. आज पलंगाखाली साठ प्रती उरल्यात.

सानिका दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. बोलली तेव्हा एवढंच विचारलं, की पुस्तक सगळ्यांच्या घरी पोचलं असेल तर सोळा तारखेला आपण रंगीत कागदातून नेमकं काय बाहेर काढणार आहोत. प्रकाशनाआधी वाचकांची उत्सुकता ताणून धरावी असं तिच्या मोबाईलमध्ये लिहिलंय. मी ती इतकी सैल सोडली की आता सभेला यायचं कुणाला काही कारणच उरलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. देवळात पहिली प्रत ठेवली तेव्हा सखाराम गुरवाने गाऱ्हाणं घातलं. म्हणाला, हे म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान बुक लिवलान हाय, त्यात जा खरा आसल ता चार मान्सांत उभा ऱ्हाव दे, आनि जा खोटा आसल ता तुज्या पायाशी गळून पडू दे. सगळ्यांबरोबर मीही व्हय म्हाराजा म्हटलं खरं, पण प्रसादाचं खोबरं हातात तसंच धरून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. सखूला वाटलं की ऊन लागलं.

लोक फोन करून कौतुक करतात. जयगडच्या शाळेने मुलांसमोर बोलायला बोलावलंय, आणि येताना वल्हं आणा म्हणालेत.

थंडी फार आहे, तू अजून नीट विचार कर. माझ्यावरचा राग आणि लोभ, दोन्ही बेताने असू दे.

तुझा,
आत्माराम


॥ श्री ॥
अलोरे
२४ जानेवारी २०२५

चि. आत्माराम यास आशीर्वाद.

तुझी राखून ठेवलेली प्रत तशीच राखून ठेव. मला पुस्तक मिळालं. आमची सून निशिगंधा परवा कॉलनीत हळदीकुंकवाला गेली होती, तिथे तिला ते वाण म्हणून मिळालं. त्या बाईंच्या जयगडच्या माहेरी तू दोन प्रती दिल्या होत्यास, त्यातली एक इथवर आली. त्या दिवशी बाकीच्यांना प्लास्टिकचे डबे मिळाले. निशिगंधाला डबाच हवा होता.

भिंग घेऊन दोन दिवसांत वाचलं. आबांचं छान लिहिलंस. ते उतारू मोजताना बोटं कशी मुडपायचे ते वाचलं आणि मी तशीच बोटं मुडपून पाहिली. मग पान एक्केचाळीस आलं.

तू लिहिलंयस की सातवीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला खाडीपलीकडे जायचं होतं, आबांना ताप होता, पुनवेचं उधाण होतं, आणि तेराव्या वर्षी तू एकट्याने होडी वल्हवत नेलीस. आबांचा ताप खरा आहे आणि उधाणही खरं आहे. पण वल्हं माझ्या हातात होतं, आत्माराम. तू तळाशी पडून ओकत होतास आणि दौत पालथी होऊ नये म्हणून पोटाशी धरली होतीस. येताना वारा फिरला. घरी पोचले तेव्हा माझे दोन्ही तळवे सोलवटले होते.

आबांनी मला त्याच संध्याकाळी बजावलं की कुठे बोलायचं नाही. दोन दिवसांनी मला बघायला पाहुणे येणार होते. वयात आलेली मुलगी चार पुरुषांच्या देखत होडी मारते हे त्यांना कळलं तर जमलेलं मोडेल, म्हणून होडी मुलानेच नेली असं सांगायचं ठरलं. मी हात पदराखाली घेऊन पोहे दिले. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती, तुझी सुटू नये असं मला वाटत होतं, म्हणून मी ते वल्हं उचललं. त्याबद्दल मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही नाही.

पुस्तकातून काढ असं मी म्हणत नाही. चोपन्न वर्षं झाली. पण ते चित्र माझ्या हाताने उघडून लोकांना दाखवायला मी स्टेजवर येणार नाही, ते मला जमणार नाही. विचारणाऱ्यांना सांग की गुडघा दुखतो. ते कारण तू आधीच लिहून ठेवलंयस.

कार्य नीट पार पाड. आशीर्वाद आहेत.

आक्का


॥ श्री ॥
मिरजोळे
५ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार. आज त्यापुढचं विनंती विशेष लिहायचा मला अधिकार नाही.

तुझं पत्र वाचून मी पलंगाखालच्या साठ प्रतींशेजारी जाऊन बसलो. खोटं आबांनी सुरू केलं, पण त्यांनी ते तुझ्या लग्नापुरतं सांगितलं होतं. मी त्यावर जन्मभर जेवलो. नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं, सखूला बघायला गेलो तेव्हा सांगितलं, निवृत्तीच्या निरोपाला तर हातवारे करून सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की वल्ह्याची मूठ मला आठवायला लागली, गुळगुळीत आणि ओली. आणि पातं कुठल्या बाजूला असतं हे ठाऊक नाही. मला तुझी लाज वाटली नव्हती आक्का, माझी वाटत होती. तुला बोलावताना जी सहा कारणं लिहिली ती सगळी मिळून हे एकच होतं.

मी सखूला आणि सानिकाला सगळं सांगितलं. सानिका म्हणाली की आत्या येणार नसेल तर प्रकाशन नाही. सखू म्हणाली की जितक्या दारांत अक्षता दिल्या तितक्या दारांत परत जा. मग रितेशकडे गेलो. त्याच्याकडे पेटीवर लावायची चिकट पाठीची लंबगोल लेबलं कोरी उरली होती. त्यावर छापून घेतलं: ‘पान ४१ आणि मुखपृष्ठ चूक आहे. होडी माझी बहीण सावित्री हिने वल्हवली. मी तळाशी आडवा पडून ओकत होतो. लेखक.’ रितेशने प्रूफ तीनदा वाचलं आणि विचारलं की काका, हे नक्की तुमच्याच पुस्तकावर लावायचंय ना.

आठ दिवस स्कूटरवरून दारोदार फिरतोय. घरात शिरायचं, पुस्तक मागायचं, एक लेबल पानावर आणि एक त्या मुलाच्या तोंडावर चिकटवायचं. निम्म्या घरांत पुस्तक शोधावं लागतं. एका घरात ते फ्रीजच्या पायाखाली होतं. पान एक्केचाळीसपर्यंत फारसं कुणी पोचलंच नव्हतं, त्यांनी माझ्या लेबलामुळे ते पहिल्यांदा उघडलं.

जयगडला गंगाराम तात्यांकडे गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी लेबल काढल्यावर ते हसायलाच लागले. त्या दिवशी ते पलीकडच्या काठावर जाळं सुकवत होते आणि त्यांनी तुला येताना पाहिलं होतं. त्यांनीच नव्हे, काठावरच्या सगळ्यांनी. आबा ताप उतरल्यावर घरोघर गेले होते, हात जोडून सांगायला, की पोरीचं जमेपर्यंत कुणी बोलू नका. तात्या म्हणाले, तुज्या बापसान त्वांड मिटायला सांगितलान, उघडायचा सांगायला तो परत आलाच नाय. आणि आम्ही तुझं कौतुक ऐकून घेत होतो ते तुझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी, असंही ते म्हणाले.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांना फसवतोय असं समजत होतो ते सगळे मला सांभाळून घेत होते. आबा ज्या उंबऱ्यांवर बोलू नका म्हणून फिरले, त्याच उंबऱ्यांवर मी बोला म्हणून फिरतोय. एक मात्र चुकलंच, तुला न विचारता फिरतोय. लेबल सोबत पाठवतो. तू नको म्हणालीस तर मी परत सगळीकडे जाऊन ती सोलून काढीन, मला आता सवय झालीय.

येशील का ते विचारायचं धाडस नाही. माझ्यावर लोभ ठेवायला तुझ्यापाशी कारण उरलंय का ते तूच बघ.

आत्माराम


॥ श्री ॥
अलोरे
१० फेब्रुवारी २०२५

चि. आत्माराम यास अनेक आशीर्वाद.

विचारलं नाहीस ते बरं केलंस. विचारलं असतंस तर मी नको म्हणाले असते, आणि मग घरातल्या घरात चिडत बसले असते.

लेबल पाहिलं. त्यातही चूक आहे. होडीच्या फळीतून पाणी येत होतं ते विसरलास? तू नुसता आडवा नव्हतास. ओकायचास, तोंड पुसायचास आणि करवंटीने पाणी उपसायचास. जाताना सारा वेळ उपसत होतास. मी एकदाही मागे वळून तुला सांगितलं नव्हतं. तू थांबला असतास तर मला कितीही वल्हवता येत असलं तरी आपण दोघं मधेच गेलो असतो. एक खोटं पुसायला दुसरं लिहू नको.

पण आता यासाठी परत दारोदार जाऊ नको, लोक दारं लावून घेतील. मी येऊन सांगते. रविवारी दर्शन सकाळी निघायचं म्हणतोय. बावीस पायऱ्यांच्या मधे एक खुर्ची ठेवायला सांग. आणि स्टेजवर सजावटीला वल्हं ठेवणार असाल तर ते मी बघेपर्यंत कुणी हात लावू नका.

लोभ ठेवायला कारण लागत नाही, एवढं लिहिणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥
मिरजोळे
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस हे दर्शनने कळवलं. समारंभात तुला काही ऐकू आलं नसणार, म्हणून हा वृत्तांत.

सानिकाच्या हिशेबाने चाळीस माणसं यायची होती. शंभर खुर्च्या भरल्या आणि लोक जिन्यात उभे राहिले. पहिल्या फेरीला मी पुस्तक देऊन आलो होतो तेव्हा कुणाला यायचं नव्हतं. दुसऱ्या फेरीला पुस्तकावर लेबल लावून आलो तेव्हा सगळ्यांना तुला बघायचं होतं. सानिका म्हणते की असा उपाय तिच्या मोबाईलमध्ये कुठेच दिलेला नाही. कांदेपोहे तिसऱ्या रांगेतच संपले आणि मागच्यांनी कोकम सरबतावर भागवलं.

रंगीत कागद सोडलास तेव्हा टाळ्या पडल्या, त्या रीतीच्या. मग तू सरळ उठून कोपऱ्यातलं वल्हं घेतलंस, उलटं केलंस आणि मूठ कशी धरायची ते सानिकाला दाखवलंस, त्याला ज्या टाळ्या पडल्या त्या तुला दिसल्या असतील, पण आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला. गंगाराम तात्या ओरडले की आता तरी तोंड उघडायची परवानगी आहे का. करवंटीचं तू सांगितलंस तेव्हा सखूने माझ्याकडे बघितलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तसं तिने याआधी बघितल्याचं आठवत नाही.

माझं भाषण सव्वा मिनिटाचं झालं. लिहून आणलेली चार पानं खिशातच राहिली. तू तेव्हा हार काढून ठेवत होतीस, म्हणून मी काय म्हटलं ते इथे लिहून देतो. मी म्हटलं की मी शिकलो, नोकरी केली, घर बांधलं आणि हे पुस्तक लिहिलं, ते सगळं आक्काच्या तळव्यांवर उभं आहे. हे मी पहिल्या पानावर लिहायला हवं होतं, पण मला एक्केचाळिसाव्या पानावरही लिहिता आलं नाही. एवढं बोलून मी खाली बसलो.

उरलेल्या साठ प्रती संपल्या. सगळ्यांना तुझी सही हवी होती. दोघांनी विचारलं की लेखकाचीही चालेल का.

असाच लोभ असू दे, आता तो लबाडी करून मिळवलेला नाही.

तुझा,
आत्माराम


॥ श्री ॥
अलोरे
२५ फेब्रुवारी २०२५

चि. आत्माराम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

वृत्तांत वाचला, आणि तुझं भाषण तीनदा वाचलं. ऐकू आलं असतं तर एकदाच ऐकलं असतं, तेव्हा बहिरेपणाचा हा एक फायदा.

सह्या करून बोटं दुखली. चौथी शिकलेल्या बाईची सही लोक रांग लावून घेतात हे बघून निशिगंधाने आता ते वाण शोकेसमध्ये ठेवलंय. डब्याचं नाव काढत नाही.

दुसरी आवृत्ती काढणार असलास तर सानिकाला सांग, होडीत दोघांना बसव. मला वल्हं दे आणि तुला करवंटी. ओकणं दाखवायची गरज नाही.

एक सांगायचं राहिलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुझ्या भावजींनी माझे तळवे बघून विचारलं होतं की हे वण कसले. मी म्हटलं, रहाटाच्या दोरीचे. माझ्या माहेरी रहाट नव्हता हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी परत विचारलं नाही. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. समारंभाहून घरी आल्यावर त्यांच्या फोटोपुढे तुझ्याकडून आणलेलं पुस्तक ठेवलं, पान एक्केचाळीस उघडून, लेबल दिसेल असं. संध्याकाळी दिवा लावताना निशिगंधाने ते मिटून ठेवलं होतं. मी परत उघडलं.

सखूला, सानिकाला आशीर्वाद. पत्र लिहीत जा, आणि मला बोलवताना एकच ओळ लिहीत जा.

तुझी,
आक्का